अंगठा दाखवण्याचे दिवस

मराठीने अंगठ्याला फारसं बरं वागवलेलं नाही. करंगळीला नाजूकपणा दिला, तर्जनीला धमकी द्यायचा अधिकार दिला, अनामिकेला तर सोन्याची अंगठी. अंगठ्याच्या वाट्याला काय आलं? शाळेचं तोंड न पाहिलेला तो अंगठाबहाद्दर, आणि ऐन वेळी पैसे बुडवणारा अंगठा दाखवतो. त्याची खरी किंमत एकट्या द्रोणाचार्यांना कळली होती, आणि कळल्यावर त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

आम्हा बाकीच्यांना ती दुधाच्या पिशवीचा कोपरा फाडताना कळते. किंवा कुकरचं झाकण फिरवताना, ओला टॉवेल पिळताना, नळ घट्ट बंद करताना. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला हाडाचं जे टोक हाताला लागतं, नेमकं त्याच्यावर अशी कळ येते की हातातली वस्तू हातात राहत नाही. कळ कधी अंगठ्याकडे उतरते, कधी कोपराकडे चढते. स्टीलचं पातेलं पडलं तर निदान आवाजाने घरच्यांना विश्वास बसतो. प्लॅस्टिकचं पडलं तर "लक्ष कुठे असतं तुझं" एवढंच ऐकायला मिळतं.

या दुखण्याचं नाव डी क्वेर्व्हेन. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली त्याचं वर्णन केलं. तेव्हा तो ला शो-द-फों या घड्याळवाल्यांच्या गावात काम करत होता. पुरुषांची घड्याळं त्या काळी अजून खिशातच असायची, मनगटावर यायची होती. मनगटाचं दुखणं मात्र आधी पोचलं. हा माणूस पुढे गलगंडावरच्या कामासाठी जास्त नावाजला, पण आमच्यापुरता तो अंगठ्यावरच थांबला. त्याचं नाव घरात कुणालाही धड घेता येत नाही. "डी कर्वे झालंय" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला पुण्यातला रस्ता आठवतो. रस्त्याइतकाच ट्रॅफिक या दुखण्यातही तुंबलेला असतो, त्यामुळे फारसं काही चुकत नाही.

आत होतं ते असं. अंगठा बाहेर ओढणारी एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि तो मागे ताणणारी दुसरी, अशा दोघी हातावरून खाली येतात आणि मनगटाशी एकाच बोगद्यात शिरतात. बोगदा जेमतेम दोनेक सेंटीमीटरचा. खाली हाड, वर चिवट पट्टा. वापरून वापरून तो पट्टा आणि आतलं अस्तर जाड होतं. खंडाळ्याच्या बोगद्याला आतून थरावर थर गिलावा देत गेलं आणि गाडी मात्र तीच डेक्कन क्वीन राहिली, तर जे होईल ते इथे होतं. त्यात मनगट करंगळीकडे झुकवून अंगठ्याने चिमूट धरली, की कंडरा बोगद्याच्या तोंडाशी वळण घेऊन घासते. लोक कंडरेला शीर म्हणतात, आणि शीर म्हटली की चोळायला धावतात. आधीच घासून लाल झालेल्या जागेला वरून आणखी घासायचं, यात कोणता न्याय आहे हे मला अजून समजलेलं नाही.

आता हे कुणाला होतं, तर पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि त्यातही तान्ह्या बाळाच्या आयांना. बाळाला आपण उचलतो कसं? अंगठा आणि तर्जनीचा काटकोन करून दोन्ही हात त्याच्या काखेत घालतो आणि मनगटं वाकवून वर घेतो. दिवसातून किती वेळा, ते मोजायला आईला वेळ नसतो. शिवाय बाळ पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट वजनाचं होतं, म्हणजे रोज थोडं थोडं वजन वाढवत नेणारी ही तालीमच. उपाय साधा आहे. तळवे आकाशाकडे ठेवून एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा मानेखाली सरकवायचा, भार कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचा, आणि अंगठा बोटांना चिकटलेला ठेवायचा. परातीतून ताटं उचलावीत तसं. आज्यांना हे सांगितलं की त्या म्हणतात, "आम्ही सहा जणांना उचललं, आमचे अंगठे नाही गेले." त्यांचेही दुखले असणार. तेव्हा घरात त्याचं नाव पोचलं नव्हतं, आणि नाव नसलेल्या दुखण्याला सुट्टी मिळत नाही.

बाकीचे उमेदवार म्हणजे मोबाईलवर अंगठ्याने कादंबरीएवढे मेसेज लिहिणारे, कात्री चालवणारे, कपडे पिळणारे. इंग्रजीत याला पूर्वी धोबिणीची लचक म्हणत, ते उगाच नाही. आमच्याकडे याचे हंगामही आहेत. भाद्रपदात मोदकाच्या कळ्या पाडताना अंगठा आणि तर्जनी चिमटीत राहतात आणि मनगट वाकडं. एका मोदकाला अकरा कळ्या धरल्या तर एकवीस मोदकांच्या दोनशे एकतीस चिमट्या होतात, आणि यात अजून घरच्यांच्या नैवेद्याचा हिशेब आलेला नाही. आश्विनात चकलीचा पितळी सोऱ्या. त्याची मूठ पिळायची, आणि भाजणी घट्ट भिजली असेल तर दात-ओठ खाऊन पिळायची. दिवाळी झाली की फराळाचे डबे रिकामे आणि हाडवैद्याचा ओटा भरलेला.

घरच्या घरी करायची परीक्षाही प्रसिद्ध आहे. अंगठा मुठीत घालायचा आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली झुकवायची. त्या हाडावर सणकन कळ आली तर शंका पक्की. ही परीक्षा फिंकेलस्टीनच्या नावावर खपते, पण मूठ करण्याची रीत आयकहॉफची, १९२७ सालची. फिंकेलस्टीनची १९३० सालची, आणि तीत तपासणारा स्वतः तुमचा अंगठा धरून ओढतो. पेशंटच्या दृष्टीने दोघेही सारखेच. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की धडधाकट हातालाही या मुठीत थोडं ताणल्यासारखं होतं, म्हणून दोन्ही हातांची तुलना करावी. आणि परीक्षा एकदाच द्यावी. "बघू अजून दुखतंय का" म्हणून दिवसातून दहा वेळा मूठ झुकवणारे लोक आहेत. त्यांचं दुखत राहतं.

मग ब्रेस येतो.

ब्रेस हे औषध नाही, हे आधी मान्य करून टाकावं. तो कोठडी आहे. अंगठ्याला आणि मनगटाला काही आठवडे आत टाकायचं, म्हणजे बोगद्यातली वाहतूक बंद राहते आणि सूज ओसरायला फुरसत मिळते. पण कोठडी योग्य कैद्याची हवी, आणि पहिली चूक इथेच, औषधांच्या दुकानात होते. "मनगटाचा पट्टा द्या" म्हटलं की दुकानदार अंगठ्यात अडकवायचा फास असलेला एक लवचीक पट्टा काढून देतो. तो मनगट गरम ठेवतो, अंगठा मात्र मोकाट. दुसरा प्रकार तळहातात धातूची पट्टी असलेला. तो दिसतो भारदस्त, पण तो रात्री ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात त्यांचा, म्हणजे कार्पल टनेलवाल्यांचा. त्यातही अंगठा बाहेरच असतो. आपल्याला हवा असतो तिसरा. त्यात अंगठ्याला स्वतःची म्यान असते आणि त्या म्यानेत कडक पट्टी असते. दुकानात त्याला थम्ब स्पायका म्हणतात. म्यान अंगठ्याच्या शेवटच्या सांध्याच्या अलीकडे संपली पाहिजे. नखाचं पेर वाकत असलं की ब्रेस बरोबर, आणि फोनचं कुलूपही त्याच पेराने उघडतं, ही निर्मात्याची कृपा.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. मनगटाच्या हाडांवरून एक वेढा घ्यावा, आणि तो आकडा खोक्यावरच्या तक्त्यात बघावा. एका कंपनीचा मीडियम दुसरीचा लार्ज असतो, म्हणून "मी नेहमी मीडियमच घालते" हे वाक्य ब्लाउजपुरतं ठेवावं. खोक्यावर डावा की उजवा ते वाचावं. दोन्ही हातांना चालणारेही मिळतात, पण त्यात पट्ट्या काढून दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांत घालाव्या लागतात, आणि हे काम दुखऱ्या हाताने करायचं असतं.

घालण्याची रीत. बांगड्या, पाटल्या, घड्याळ सगळं आधी उतरवायचं. काचेची बांगडी निघत नसेल तर साबण लावावा, ब्रेस बांगडीवरून कोंबू नये. सगळे पट्टे सोडून ब्रेस पूर्ण उघडायचा. अंगठा म्यानेत घालायचा, तळहातातली पट्टी जीवनरेषेच्या आसपास बसली का बघायचं. आता हात असा ठेवायचा की जणू पाणी भरलेलं फुलपात्र धरलंय. मनगट सरळ किंवा किंचित मागे, अंगठा बोटांपासून गोलसर दूर. याच स्थितीत मनगटाचा पट्टा पहिला लावायचा, मग वर हाताकडचा, आणि अंगठ्याचा सर्वांत शेवटी. उलटं केलं, म्हणजे आधी अंगठा आवळला, तर मनगटाचा पट्टा ओढताना अंगठा वाकडा होऊन तसाच कैद होतो. फुलपात्राऐवजी मूठ वळून ब्रेस लावणारेही असतात. ते दिवसभर त्याच दुखऱ्या कोनात बांधलेले राहतात आणि संध्याकाळी ब्रेसला शिव्या देतात.

किती घट्ट? पट्ट्याखाली एक बोट शिरलं पाहिजे. अंगठ्याचं नख दाबून पांढरं करा, सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली दिसली तर सैल करा. आणि एक खास गोष्ट. अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर तो आजार वाढल्याचा पुरावा नसतो. तिथून त्वचेच्या अगदी जवळून एक संवेदी नस जाते आणि पट्टा नेमका तिच्यावर बसलेला असतो. घट्ट घड्याळानेही हेच होतं. आमच्याकडे मात्र "जितका आवळला तितका गुण" हा समज कासोट्यापासून चालत आलेला आहे.

पट्ट्यांना वेल्क्रो असतं. तेही स्वित्झर्लंडचंच. जॉर्ज द मेस्त्राल हा इंजिनियर कुत्र्याला घेऊन रानात गेला, आणि परत येताना कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांत अडकलेली काटेरी फळं बघून त्याला हे सुचलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या धोतराला लागलेली कुसळं उपटली आणि फेकून दिली. असो. आकड्यांची बाजू पट्ट्यावर नीट बसली नाही, जरा बाहेर राहिली, की ती समोर येईल ते धरते. स्वेटर, ओढणी, मच्छरदाणी. लग्नात ब्रेस घालून जाणार असाल तर पैठणी नेसू नका, आणि शेजारी पैठणी बसली असेल तर हात मांडीखाली ठेवा. रात्री दोन वाजता पट्टा सैल करताना जो फर्रकन आवाज होतो, तो दिवसा कधीच इतका मोठा नसतो.

खरी परीक्षा जेवणाच्या पानावर. आपण वरणभात बोटांनी कालवतो, चार बोटांवर घास गोळा करतो, आणि तोंडाशी नेऊन अंगठ्याने आत ढकलतो. हे ढकलणं आयुष्यभरात कुणी कधी पाहिलेलं नसतं. ब्रेसमध्ये हात गेला की ते दिसतं, कारण ते होत नाही. घास बोटांवर तसाच बसून राहतो, अंगठा बाजूला उभा राहून बघतो, आणि माणूस मान पुढे करून जिभेने घास ओढतो. तोवर वरणाचा ओघळ तळहातातल्या पट्टीच्या कप्प्यात पोचलेला असतो. तिथे तो वाळतो, आणि तिसऱ्या दिवशी हिंगाचा वास येऊ लागतो. पोळीचंही तेच. एका हाताने पोळीचा तुकडा तोडणं ही आपली पिढीजात कसरत, आणि तिचा सगळा जोर अंगठ्यावर. तेव्हा चमचा घ्यावा, तो डाव्या हातात घ्यावा, आणि मठ्ठा पिताना वाटी बोटांनी न धरता तळहातावर ठेवावी. चमच्याची मूठ बारीक असेल तर तिच्याभोवती रुमाल गुंडाळावा. जितकी मूठ जाड, तितकी चिमूट कमी. हाच नियम झाडूला, पेनाला आणि झाऱ्याला. सांडशीला मात्र उपाय नाही. सांडशी हा अंगठ्याचा जन्मजात वैरी आहे. तापलेलं पातेलं दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन धरावं किंवा दुसऱ्याला उचलायला सांगावं. ब्रेस घालून दुचाकीही चालवू नये. मूठ पूर्ण वळत नाही, आणि ब्रेक धरायची वेळ विचारून येत नाही.

एका वर्गाची मात्र फारच अडचण होते, तंबाखू मळणाऱ्यांची. डाव्या तळव्यावर चुना-तंबाखू घेऊन उजव्या अंगठ्याने रगडणं आणि ब्रेस या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. डॉक्टर वर्षानुवर्षं जे सांगून थकले, ते अर्ध्या वीतभर ॲल्युमिनियमच्या पट्टीने काही आठवड्यांपुरतं का होईना जमवलेलं असतं.

समाजाचं काय सांगावं! म्यानेत ताठ उभा राहिलेला अंगठा सगळीकडे काहीतरी बोलत असतो. रिक्षावाल्याला वाटतं, हात दाखवला. सोसायटीचा खजिनदार मेंटेनन्स मागायला आला तर त्याला वाटतं, ठेंगा दाखवला. मीटिंगमध्ये ठराव मांडला की आपला अनुमोदक अंगठा आधीच वर. आणि प्रत्येक जिन्यावर एकच प्रश्न, "काय झालं?" यावर पूर्ण उत्तर देऊ नये. "कंडरेच्या आवरणाला सूज आली आहे" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, त्याला निदान पडल्या-झडल्याची तरी अपेक्षा असते. मग उपाय येतात. आंबेहळद उगाळून लाव, रक्तचंदनाचा लेप घाल, तिळाच्या तेलाने रगड. लेप घालून वर ब्रेस चढवणाऱ्याचा ब्रेस आठवडाभरात जेजुरीहून आल्यासारखा पिवळा होतो. दुखरी जागा दहा-पंधरा मिनिटं बर्फाने शेकावी, बर्फ कापडात गुंडाळून. फ्रीजरमधली मटाराची पिशवी उत्तम, ती मनगटावर हवी तशी बसते. फक्त नंतर तिचा मसालेभात होतो हे पाहुण्यांना सांगू नये. वेदनाशामक जेल लावलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत ब्रेस घालू नये, हवाबंद झाकलेल्या जेलने कातडी चिडते. आणि हसऱ्या चेहऱ्याचा तो पिवळा रबरी चेंडू, जो प्रत्येक नातेवाईक भेट म्हणून आणतो, तो दुखणं ओसरेपर्यंत मुलांना खेळायला द्यावा. दुखत असताना मूठ आवळण्याचा व्यायाम म्हणजे बोगद्यात जादा गाड्या सोडणं.

मुंबईत, कोकणात, गोव्यात आणखी एक संकट, घाम. निओप्रीनचा, म्हणजे रबरी कापडाचा, ब्रेस म्हणजे हाताला घातलेला रेनकोट. दोन दिवसांत घामोळं उठतं, आणि मग कंडरा राहते बाजूला, खाजेसाठी ब्रेस उतरतो. याला उपाय म्हणजे जुना सुती मोजा. पावलाचा भाग कापून टाकायचा, उरलेल्या नळीला अंगठ्यापुरतं भोक पाडायचं, आणि ती आधी हातावर चढवून तिच्यावर ब्रेस घालायचा. सुरकुती राहू देऊ नये, ती पट्ट्याखाली वळ उठवते. असे दोन तुकडे ठेवावेत, एक हातावर, एक दोरीवर.

धुण्याच्या वेळी घाई नडते. आधी धातूच्या पट्ट्या बाहेर काढायच्या, पण काढण्यापूर्वी पेनाने त्यांच्यावर खूण करायची, वरचं टोक कोणतं आणि आतली बाजू कोणती. तळहाताची पट्टी वाकवलेली असते. ती उलटी परत गेली तर ब्रेस मनगटाला पुढे ढकलतो, आणि माणूस आठवडाभर "आता या बाजूलाही दुखायला लागलं" म्हणत फिरतो. वेल्क्रो बंद करूनच भिजवावं, नाहीतर बादलीतल्या सगळ्या कपड्यांचे धागे त्यात गोळा होतात. गार पाणी, सौम्य साबण, हाताने, आणि पिळायचं नाही. टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवावा. इस्त्री किंवा कडक ऊन लागलं की निओप्रीन आक्रसतं. आकड्यांत अडकलेले केस जुन्या दातांच्या ब्रशने निघतात. आणि हे सगळं दुसऱ्याकडून करून घ्यावं. पिळण्याने आलेल्या दुखण्याचा पट्टा पिळून धुणं बरं दिसत नाही.

किती दिवस? साधारण तीन ते सहा आठवडे, अंघोळीला काढून. दिवसातून तीन-चार वेळा उतरवून, दुखणार नाही इतपतच, बोटं आणि अंगठा हलवावा, नाहीतर सांधा आखडतो. झोपेत मनगट उशीखाली दुमडण्याची सवय असेल तर रात्रीही घालावा. चौथ्या दिवशी "बरं वाटतंय" म्हणून काढून ठेवणारे आणि पाचव्या दिवशी पोळ्या लाटणारे आठव्या दिवशी परत पहिल्या दिवसावर असतात. ब्रेसने भागलं नाही तर डॉक्टर त्या आवरणात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ते बऱ्याच जणांना लागू पडतं, पण त्या जागी कातडी फिकी पडू शकते, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, हे आधी विचारून घ्यावं. काहींच्या बोगद्यात मधे पडदा असतो, एक कंडरा या खोलीत आणि दुसरी त्या. इंजेक्शन एकाच खोलीत गेलं तर दुसरी तक्रार करत राहते. मग जागा बधिर करून एक छोटा छेद देऊन बोगद्याचं छप्पर उघडतात.

एका बाबतीत मात्र ब्रेस विकतही घेऊ नये. हात टेकून पडलात, आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जी खळगी दिसते, जिच्यात जुने लोक तपकीर ठेवत, तिथे दाबून दुखत असेल, तर ते होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. हे हाड वेळेत जुळलं नाही तर पुढे मनगट कायमचं रडतं. तिथे आंबेहळदही नको आणि दुकानातला पट्टाही नको.

एवढं सगळं पार पडून एक दिवस दुधाची पिशवी मुकाट फाटते. ब्रेस धुऊन, खुणा बघून पट्ट्या परत घालून, वेल्क्रो बंद करून कपाटात जातो. थर्मामीटर, संपलेल्या तारखेचं आयोडेक्स आणि गरम पाण्याची गळकी पिशवी असते त्या कप्प्यात. तिथे तो फार दिवस राहत नाही. जिन्यात चौकशी करणाऱ्यांपैकीच कुणीतरी दारात उभं राहतं. शेजारच्या वहिनी असतात. मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं, चेहरा ओढलेला, सून बाळंत होऊन महिना झालेला, त्यामुळे बाळ रात्रंदिवस यांच्याच हातात. "तुमचा तो पट्टा पडून असेल ना? जरा द्या बघू."

द्यायला कुणाची ना नाही. पण वहिनींचा दुखतो डावा, आणि ब्रेस आहे उजव्याचा.